जगवण्याचं पान

दस्तगीरचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वारज्यात, आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर, भर दुपारी एका पिंपळाच्या बुंध्याशी उकिडवे बसून फूटपट्टी लावत होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा. शेजारी छत्री होती, पण ती मिटून झाडाला टेकवलेली. माझी तेव्हा दुपारची शिफ्ट असायची, म्हणून मी कंपनीच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी होते. मला वाटलं, पालिकेचा कुणी माणूस असेल. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि आमची जुनी ओळख असल्यासारखं म्हणाले, "एक फूट दोन इंच."

"काय?"

"माती. या बाजूला एक फूट दोन इंच, त्या बाजूला नऊ इंच. बाकी सगळे ब्लॉक बसवलेत. एवढ्यात आपली चप्पल मावेल. पिंपळानं पाय कुठं ठेवायचा?"

पुण्यात येऊन मला तीन वर्षं झाली होती. इथे असे प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत हे एव्हाना कळलं होतं. तरी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "ऊन फार आहे, तुम्ही छत्री तरी घ्या. आणि आमच्या अकोल्याचं ऊन याहून वाईट असतं."

ते उठले, गुडघे झटकले, फूटपट्टी सदऱ्याच्या खिशात घातली. "म्हणजे आपण अनुभवी आहात. आपला उपयोग होईल."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'अकोलेकर' झाले. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. फोनवरसुद्धा, "अहो अकोलेकर, दस्तगीर बोलतोय. दोन मिनिटं आहेत का?" दोन मिनिटं कधीच नसायची, किमान वीस असायची. पण सुरुवात अशीच व्हायची.

ते आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहत. आयुष्य सगळं जुन्या पुण्यात गेलेलं. मंडईमागच्या एका बोळात त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं, वडिलांनी घातलेलं. कॉलेजची जर्नलं, वकिलांचे जाड ग्रंथ, वाचनालयांची फाटकी पुस्तकं, सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं असं सगळं त्यांच्याकडे शिवायला यायचं. त्यातच दरवर्षी पालिकेच्या अंदाजपत्रकाच्या प्रतीही यायच्या. मुलाला त्या कामात गोडी नव्हती. पुढे कामही आटलं. पत्नी गेल्यावर चाचांनी दुकान बंद केलं, दाभणं, दोरे आणि पुठ्ठा कापायची सुरी एका पत्र्याच्या डब्यात भरली आणि ते वारज्याला आले.

अंदाजपत्रकं वाचायची सवय त्यांना दुकानात लागली. "खळ वाळेपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं," ते सांगत. "आधी शिवायला आलेल्या रहस्यकथा वाचायचो. मग एकदा हे हाती लागलं. रहस्यकथेपेक्षा बरं निघालं. ह्याच्यात शेवटचं पान वाचूनसुद्धा काही कळत नाही, म्हणून परत पहिल्यापासून वाचावं लागतं."

असं परत परत वाचत त्यांनी चाळीस वर्षं काढली. कोणतं काम कोणत्या शीर्षाखाली येतं, ते पुढच्या वर्षी नाव बदलून दुसऱ्या कुठल्या पानावर जातं, 'इतर' या शब्दाच्या पोटात काय काय मावतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. दुकानात असताना त्यांनी यातलं कुणाला काही सांगितलं नाही. "गिऱ्हाइकाचं पुस्तक वाचलं हे गिऱ्हाइकाला सांगू नये. तो धंद्याचा नियम." दुकान बंद झालं आणि त्यांच्या मते तो नियमही सुटला.

त्यांच्या सवयी सगळ्या बाइंडरच्या. सुटा कागद त्यांना बघवायचा नाही. लग्नाची पत्रिका असो की विजेचं बिल, हातात आलं की आधी कडा जुळवायचे, मग अंगठ्याच्या नखानं घडी दाबायचे. नवं पुस्तक कुणी दाखवलं तर नाव नंतर, आधी पाठ बघायचे, मग उघडून नाकाशी धरायचे. खिशात कायम सुई आणि मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी. सोसायटीच्या सभेत कुणी तावातावानं बोलायला लागलं की चाचा गुंडी काढून सुईत दोरा ओवायला लागत. त्यांची सून शबाना मला एकदा म्हणाली, "अब्बांनी दोरा काढला की समजायचं, समोरचा चुकीचं बोलतोय आणि अब्बांना त्याचा अपमान करायचा नाहीये."

त्या वर्षी बातमी आली की आमच्या चौकाचं सुशोभीकरण होणार. कारंजं, रंगीत फरशा आणि चौकापासून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंना पत्र्याची झाडं. त्यांना संध्याकाळी निळे-हिरवे दिवे लागणार होते. सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. चाचांनी खाली येऊन मला विचारलं, "अकोलेकर, ती पत्र्याची झाडं आपण पाहिलीत?"

"चित्रात पाहिली."

"छान आहेत. त्यांच्याखाली बसायला पत्र्याचा माणूस तेवढा शोधावा लागेल."

आमचा बसथांबा म्हणजे एक खांब, एक पाटी आणि एक लोखंडी बाक. मार्च उजाडला की त्या बाकावर हात ठेववत नसे. दुपारी दोनला तिथे वीस-पंचवीस बायका उभ्या असत. आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांमधली धुणीभांडी, स्वयंपाक उरकून घरी निघालेल्या. कुणी खांबाच्या वीतभर सावलीत, कुणी पदर डोक्यावर ओढून. त्यांतल्या सुमनबाई आमच्याकडेही यायच्या. मूळच्या लातूरकडच्या. एकदा भोवळ येऊन त्या त्याच बाकापाशी खाली बसल्या होत्या, तेव्हा चाचांनी त्यांना छत्री धरली होती. सावलीचा विषय चाचांच्या डोक्यात तिथून शिरला. फूटपट्टी घेऊन ते रस्त्यावर उतरले ते त्याच आठवड्यात.

पुढल्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी सूचना द्याव्यात असं पालिका जाहीर करते, हे मला माहीतही नव्हतं. चाचांना तारखेसकट माहीत होतं. त्यांनी अर्ज लिहिला. पत्र्याच्या झाडांऐवजी खरी झाडं लावावीत, प्रत्येक झाडाभोवती चार बाय चार फूट माती मोकळी ठेवावी, बस. सह्या त्यांनी सोसायटीत नाही, थांब्यावर गोळा केल्या.

"चाचा, सावली बी कागदावर मागायची असती व्हय?" सुमनबाईंनी विचारलं.

"तोंडी मागितली तर वाऱ्यावर जाते हो. सही करा."

"मला नीट येत न्हाई."

"बस यायला अजून दहा मिनिटं आहेत. सावकाश करा."

सुमनबाईंनी बाकावर कागद ठेवला, पदर हाताखाली घेतला कारण लोखंड भाजत होतं, आणि एकेक अक्षर कोरावं तशी सही केली. चाचा तेवढा वेळ छत्री धरून उभे होते. मग बाकीच्या बायका पुढे आल्या.

सगळे कागद घरी नेऊन त्यांनी त्यांचं छोटंसं पुस्तक बांधलं. निळा पुठ्ठा, पांढरी शिवण. मी म्हटलं, "चाचा, स्टेपल केलं असतं की."

"स्टेपल काढता येतं," ते म्हणाले. "शिवलेल्यातलं एक पान काढायचं म्हणजे सगळं पुस्तक फाडावं लागतं. आणि माणूस पुस्तक फाडताना एकदा तरी थांबतो."

ते घेऊन आम्ही क्षेत्रीय कार्यालयात गेलो. मी रजा टाकली होती, फक्त बघायला. तिथल्या उपअभियंता गायकवाड मॅडम माझ्याच वयाच्या असतील. टेबलावर नस्त्यांचा ढीग, एका बाजूला न उघडलेला डबा. त्यांनी ते निळं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय आहे?"

"अर्ज."

"चाचा, सूचना चांगली असेल हो, पण ते काम सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली मंजूर आहे. झाडं उद्यान विभागाकडे. इकडचा निधी मला तिकडे टाकता येत नाही."

"वर्गीकरण करून टाकता येतो," चाचा नम्रपणे म्हणाले. "दरवर्षी होतं. आणि झाडानं शोभा येत नाही, असं कुठं लिहिलंय का? असेल तर मला दाखवा, मी लगेच जातो."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी बसायला सांगितलं आणि पहिलं पान उघडलं. चाचांची नजर टेबलावरच्या एका रजिस्टरवर गेली. त्याची पाठ निघाली होती, पानं बाहेर डोकावत होती.

"हे कुणी बांधलंय?"

"माहीत नाही. का?"

"आपली हरकत नसेल तर," असं म्हणत त्यांनी ते ओढून घेतलं, सुई काढली आणि शिवायला सुरुवात केली. "ही लाच समजू नका. दोरा उरलेला आहे."

पुढची पंधरा-वीस मिनिटं मॅडम वाचत होत्या आणि चाचा शिवत होते. शिपाई दोनदा आत येऊन बघून गेला. शेवटचं पान, म्हणजे सह्यांचं, मॅडम जरा जास्त वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ही सही फार जपून केलेली दिसतेय."

"भाजत होतं त्यांना," चाचा म्हणाले.

"याला वेळ लागेल, चाचा."

"लागू द्या. मला घाई नाही आणि झाडांनाही नसते. फक्त आवकचा शिक्का आज मारून द्या."

वेळ लागला. चाचा दर सोमवारी जायचे. कुणावर कधी आवाज चढवला नाही. नुसते जाऊन बसायचे, सुटलेलं एखादं रजिस्टर शिवून द्यायचे आणि जाताना विचारायचे, "कुठल्या टेबलावर आहे?" शेवटी त्या कार्यालयात त्यांची फाइल कुणाला सापडेनाशी झाली नाही, कारण तिला निळा पुठ्ठा होता आणि ती शिवणाऱ्याचा चहा सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. वर्षअखेरीस कळलं, कारंजं होणार, पण पत्र्याच्या झाडांऐवजी बत्तीस खरी झाडं लागणार. करंज आणि कडुलिंब.

खड्ड्यांच्या खुणा केल्या तेव्हा नवंच भांडण उभं राहिलं. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाचे मालक पोपटराव खवळले. झाड त्यांच्या दुकानासमोर येत होतं. "माझी पाटी झाकली जाईल! दीड महिना घालवून बनवून घेतलीय!"

चाचांनी दोरा काढला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "खरं आहे तुमचं. पाटी दिसलीच पाहिजे. उद्या दुपारी दोनला मला पाच मिनिटं द्या. समोरच्या बाजूनं बघू किती झाकते ते."

दुसऱ्या दिवशी दोनला दोघं रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. चाचांनी एका बांबूला पोतं बांधून खुणेच्या जागी एका माणसाला धरायला लावलं होतं. "दिसते का?" चाचा विचारायचे. पोपटराव डोळ्यांवर हात धरून म्हणायचे, "थांबा." बांबू थोडा इकडे, थोडा तिकडे. ऊन मी म्हणत होतं. पोपटरावांनी कपाळ पुसलं, मान पुसली आणि बोलता बोलता चार पावलं मागे सरकून त्या म्हाताऱ्या पिंपळाखाली जाऊन उभे राहिले.

"आता दिसते का?" चाचांनी उन्हातूनच विचारलं.

"हां, इथून दिसते. पोतं वर गेलं की खालनं सगळी दिसते."

"गिऱ्हाईकही तिथंच उभं राहील हो," चाचा म्हणाले. "उन्हात उभं राहून पाटी कोण वाचतंय?"

पोपटरावांनी मान वर करून पिंपळाकडे पाहिलं. मग मोठ्यानं हसले. त्यांच्या दुकानासमोरचं झाड पुढे त्यांनीच सांभाळलं. दुकान धुतलेलं पाणी रोज त्याच्या आळ्यात जायचं.

पावसाळ्यात झाडं लागली. फोटो निघाले. चाचा फोटोत नाहीत, कारण तेव्हा ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एका खड्ड्यातले सिमेंटचे तुकडे वेचत होते. दिवाळीपर्यंत सगळं हिरवं होतं. फेब्रुवारीत पानं खाली वळली. मार्चमध्ये रोज एखादं झाड वाळलेलं दिसायला लागलं.

आम्ही जमेल तेवढं केलं. चाचा सकाळी दोन डबे भरून पाणी न्यायचे, शबाना शाळेत शिकवायला जाताना एक न्यायची, मी एक. सुमनबाई आणि त्यांच्या मैत्रिणी बसमध्ये चढण्याआधी बाटलीतलं उरलेलं पाणी जवळच्या झाडाला ओतायच्या. पण रस्ता लांब होता. मेअखेर बत्तीसपैकी अकरा झाडं उरली.

चाचांनी कामाच्या आदेशाची प्रत मिळवली. आमच्या जिन्यात उभं राहून त्यांनी मला ती वाचायला दिली. "रोपे पुरवणे, खड्डे घेणे व लागवड करणे." बास. ठेकेदारानं सांगितलेलं सगळं काम चोख केलं होतं.

"पूर्णविराम बघा कुठे आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, ते चिडलेत. पण त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"यात दुसऱ्या कुणाची चूक नाही, अकोलेकर. मागणी मी लिहिली होती. लावणं मागितलं. जगवणं मागितलं नाही. चाळीस वर्षं ती पुस्तकं वाचली मी. जे लिहिलेलं नसतं ते होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते थांब्यावर गेले. सगळ्या बायकांसमोर त्यांनी सुमनबाईंना हात जोडले. "बाई, तुमची सही मी वाया घालवली."

सुमनबाई गडबडल्या. पदर सावरत म्हणाल्या, "अवो चाचा, सही कुठं वाया जाती का? त्या दिवसापास्नं मी रोज गिरवून पक्की केलीया. आता झरझर येती. पुन्यांदा घ्या की."

चाचा तिथून निघाले, घरी आले आणि दिसेनासेच झाले. फोन नाही, सोमवारची फेरी नाही. महिन्याभरानं शबाना माझ्याकडे आली. तिनं जे सांगितलं ते चाचांनी घरातही लपवलं होतं. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी पूर्वीच थेंब दिले होते, यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. आता दोन्ही बाजूंनी नजर बंद होत चालली होती. गेलेलं परत येणार नव्हतं. असेल तेवढं जपायचं. "अब्बा कागदाला हात लावत नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही रविवारी या ना. काही कारण काढून या."

मी कारण काढलं नाही. अंदाजपत्रकच लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि गेले. चाचा खिडकीशी बसले होते. मांडीवर हात, हातात काहीच नाही. मी काय आणलंय ते सांगितलं तर म्हणाले, "उपयोग नाही. मला ओळीचं शेवटचं टोक दिसत नाही. आणि रक्कम तिथेच असते."

"मी वाचते."

"आपल्याला कंटाळा येईल."

"येईल," मी म्हणाले. "शबाना, चहा कर गं."

त्यांना बारीकसं हसू आलं. मी वाचायला लागले. रविवारी दहा ते बारा असा तो आमचा परिपाठ झाला, पुढे तीन वर्षं चालला. शबाना चहा आणि खारी आणून ठेवायची आणि शाळेच्या वह्या तपासत तिथेच बसायची. सुरुवातीला मी भराभर वाचायचे. चाचा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच बोट वर करायचे. "मागे या. 'आनुषंगिक कामे' म्हणालात ना? तिथं थांबा. आनुषंगिक म्हणजे काय ते पुढे सांगितलंय का? नाही? मग खूण करा." हळूहळू मलाही कळायला लागलं कुठे थांबायचं. अकोल्याहून माझी आई फोनवर विचारायची, रविवारी कुठे असतेस? मी सांगायचे, एका आजोबांना वाचून दाखवते. काय, पोथी? नाही, पालिकेचा खर्च. मग आई जेवणाचं विचारायची.

त्या दिवाळीआधी दुसरा अर्ज तयार झाला. या वेळी चाचांनी तोंडी सांगितला, मी लिहिला. आधी आम्ही "झाडे लावणे व त्यांना पाणी घालणे" असं लिहिलं होतं. गायकवाड मॅडमना दाखवलं तर त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "चाचा, पाणी घालणे लिहिलंत तर ते टँकरवाल्यांच्या टेबलावर जाईल आणि तिथेच बसेल. 'संगोपन' लिहा. तीन वर्षे संगोपन. त्यात पाणी, खत, आळी करणं, मेलेलं झाड बदलून देणं, सगळं येतं."

"संगोपन," चाचांनी शब्द दोनदा म्हणून पाहिला. "लेकरांसाठी वापरतात तो शब्द ना हा? मला कसा सुचला नाही."

"तुम्ही दमला होतात," मॅडम म्हणाल्या.

ते पुस्तक शिवताना सुई दोनदा चाचांच्या बोटात गेली. शबानानं घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी दिलं नाही. भोकं बोटानं चाचपत, एकेक टाका मोजत त्यांनी शिवण पुरी केली. शिवण सरळ आली होती. सुमनबाईंची सही सगळ्यांत वर होती, एका दमात केलेली.

नवं अंदाजपत्रक प्रसिद्ध झालं त्या रविवारी मी आमच्या भागाचं एकच पान छापून नेलं. लॅपटॉपवरचं चाचांना आवडायचं नाही, "त्याला पाठच नाही, धरायचं कुठं?" म्हणायचे. मी वाचत गेले. रस्ते. गटारं. दिवे. सभागृहाची रंगरंगोटी. शबानाचं तपासणं थांबलं होतं. मग ती ओळ आली. मी ती आधी मनात वाचली, मग पुन्हा एकदा मनातच वाचली.

"काय झालं? नाहीये का?" चाचांनी विचारलं.

"आहे."

"वाचा मग."

"'मुख्य चौक ते शाळा या रस्त्यावर वृक्ष लागवड व तीन वर्षे संगोपन करणे.'"

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "बोट ठेवा माझं."

मी त्यांचा हात धरला आणि तर्जनी ओळीच्या सुरुवातीला ठेवली. डाव्या हातानं कागदाची कड धरून ते बोट सरकवत राहिले, अगदी सावकाश, जणू अक्षरांना उंची असावी.

"पूर्णविराम कुठं आहे?"

"संगोपन करणे, याच्यानंतर."

"हं," ते म्हणाले. तेवढंच. मग त्यांनी तो कागद घडी न घालता शबानाकडे दिला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. त्या चष्म्याचा त्यांना तेव्हा काही उपयोग उरला नव्हता.

झाडं लागली, आणि या वेळी ती जगली. एक टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. तो कुठल्या वारी येतो ते थांब्यावरच्या बायकांना पाठ होतं. न आल्यास चाचांना आधी सुमनबाईंचा फोन जायचा आणि मग चाचांचा फोन गायकवाड मॅडमना. मॅडमची पुढे बदली झाली, तेव्हा त्या निरोप घ्यायला घरी आल्या होत्या. चाचांनी त्यांना एक कोरी वही बांधून दिली. म्हणाले, "हिच्यात पालिकेचं काही लिहू नका."

चाचा गेले त्याला आता वर्ष होत आलं. दोन दिवसांचा ताप, मग दवाखाना, मग शबानाचा फोन. त्यांच्या मातीला थांब्यावरच्या बायका आल्या होत्या, बाहेर फाटकाशी एका ओळीत उभ्या होत्या. पोपटरावांनी दुकान बंद ठेवलं होतं. ते सगळं मला आठवतं, पण चाचा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती त्याआधीची, एप्रिलमधली एक दुपार.

तोवर त्यांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "दोन मिनिटं आहेत का? मला दोन वाजता रस्त्यावर जायचंय." शबाना रागावली, एवढ्या उन्हात कशाला म्हणून. चाचा म्हणाले, "उन्हाशिवाय मला कळणार कसं?"

चौकापर्यंत त्यांनी माझा दंड धरला. तिथे सोडला. "इथून मी जातो. आपण मागे राहा, पडलो तर उचला."

ते पदपथावरून निघाले. एक हात जरासा पुढे, चेहरा वर उचललेला. मी चार पावलं मागे. पहिल्या करंजाची सावली अंगावर आली तशी त्यांची चाल मंदावली. "एक," ते म्हणाले. मग ऊन. मग पुन्हा सावली. "दोन." करंज फुलले होते, पदपथभर फिकी जांभळट फुलं पडली होती आणि चाचांच्या चपलांखाली ती चुरत होती. ते डोळ्यांनी नाही, कपाळानं आणि गालांनी मोजत चालले होते. समोरून येणारी माणसं आपसूक बाजूला होत होती.

नवव्यानंतर ते उन्हात थांबले. जरा पुढे गेले, परत मागे आले.

"अकोलेकर, इथं एक कमी आहे."

होतं. केबलसाठी खोदलं तेव्हा ते झाड गेलं होतं. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"लिहून घ्या," ते म्हणाले.

मी फोनमध्ये लिहून घेतलं. तेवढ्यात थांब्यावरून सुमनबाईंची हाक आली, "चाचा, इकडं या, बसायला जागा हाय!" आवाजाच्या दिशेनं ते गेले. बायकांनी सरकून जागा केली. माझ्या मीटिंगची वेळ झाली होती. शबाना येतेच आहे असं त्यांना सांगून मी परत निघाले.

सोसायटीच्या फाटकाशी येऊन मी मागे वळून पाहिलं. बस येऊन गेली होती, बायका गेल्या होत्या. चाचा एकटेच त्या लोखंडी बाकावर बसले होते. दोन्ही तळवे बाकावर सपाट टेकवून. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पानांच्या सावल्या हलत होत्या आणि वाऱ्याची झुळूक आली की ते मान किंचित वर करत होते.